विश्लेषण : संघ बदलला, कर्णधार बदलले... पण बाळू पालवणकर कर्णधार का झाले नाहीत?

सामन्याच्या तासभर आधी अकरा जणांची यादी मोबाइलवर येते आणि फुटबॉलप्रेमींचा पारा चढतो. मागच्या सामन्यात गोल करणारा आज राखीव खेळाडूंत, जमलेली बचावफळी मोडलेली, कर्णधाराचा दंडपट्टा तिसऱ्याच्याच हातावर. कोल्हापुरात पाटाकडील तालमीचा पाठीराखा असो की रात्री जागून प्रीमियर लीग पाहणारा कोकणातला तरुण, तक्रार एकच असते : सारखे बदल कशासाठी? क्लॉडिओ रानिएरी चेल्सीचे प्रशिक्षक असताना संघात सतत फेरफार करत, म्हणून इंग्लिश वृत्तपत्रांनी त्यांना त्यावरून टोपणनावच दिले होते. त्याच रानिएरींनी २०१५-१६ च्या हंगामात लेस्टर सिटीचा संघ फारसा न बदलता विजेतेपद मिळवले, तेव्हा टीकाकार गप्प झाले.

प्रशिक्षकाकडे बदलाचे कारण असते. खेळाडू थकलेला असतो, कुणाला दुखापत असते, समोरचा संघ वेगळा असतो. कारण पटले नाही तरी ते खेळातले असते. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात मात्र असा एक काळ होऊन गेला, जेव्हा कर्णधार निवडीचे कारण मैदानात सापडत नव्हते. त्या निवडीचा फटका बसलेला खेळाडू म्हणजे बाळू पालवणकर, भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज.

या कथेत मालगुंड कुठे येते?

गणपतीपुळ्याला जाणारे पर्यटक शेजारच्या मालगुंडला थांबतात ते कवी केशवसुतांच्या जन्मघरासाठी. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ चा. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये येथे त्यांचे स्मारक उभे केले. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ते पाठ्यपुस्तकांतून ठाऊक असतात. त्यांची एक कविता मात्र या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. तिचे नाव ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’. खेळणाऱ्या अस्पृश्य मुलांची सावली पडेल म्हणून एक उच्चवर्णीय माणूस त्यांना हटकतो. त्यातला एक मुलगा घरी येऊन आईला विचारतो, की हे असे का? आईकडे उत्तर नसते.

केशवसुत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले आणि १८८९ च्या सुमारास मॅट्रिक झाले. त्यानंतर त्यांची बरीच वर्षे मुंबईत शिक्षकी करण्यात गेली. प्लेगच्या दिवसांत त्यांनी मुंबई सोडली आणि खानदेशाची वाट धरली. शेवटी ते धारवाडच्या शाळेत मराठीचे शिक्षक होते. नोव्हेंबर १९०५ मध्ये शेजारच्या हुबळीत प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. ज्या पुण्यात ते शिकले तेथे त्याच सुमारास एक अस्पृश्य मुलगा क्रिकेटच्या मैदानावर रूळ ओढत होता. त्याचा जन्म धारवाडचा होता. कवितेतल्या मुलाने विचारलेला प्रश्न या खऱ्या मुलाला जन्मभर पुरला.

बाळू पालवणकर कोण होते?

बाळू यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील अनेक तरुणांसाठी लष्कर हा गावातील बलुत्याबाहेर पडण्याचा एक मार्ग होता. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आले. बाळू यांच्या पाठचे शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे भाऊही पुढे क्रिकेटपटू झाले. चौघेही भाऊ मुंबईच्या हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातून चार खेळाडू या पातळीवर येणे आजही दुर्मीळ आहे, मग तेव्हाची गोष्टच नको.

गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर या भावांचे क्रिकेट सुरू झाले. शाळा फार झाली नाही. घराला पैशांची गरज होती आणि बाळू यांना काम मिळाले तेही मैदानावरच.

पुण्याच्या मैदानावर ते काय शिकले?

पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळू खेळपट्टी झाडायचे आणि तिच्यावर रूळ फिरवायचे. पगार महिना ३ रुपये होता. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये आले. तेथे ४ रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी बांधणे, टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे अशी त्यांची कामे होती. मोकळ्या वेळात ते सरावासाठी आलेल्या साहेबांना चेंडू टाकू लागले.

डावखुऱ्या हाताने संथ, उंची दिलेला, खेळपट्टीवर पडून दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू ही त्यांची खासियत ठरली. त्यांची ही कला पहिल्यांदा ओळखली ती जे. जी. ग्रेग या लष्करी अधिकाऱ्याने. ग्रेग हे त्या काळातील भारतातले सर्वोत्तम इंग्रज फलंदाज मानले जात. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि तासभर फक्त बाळूंची गोलंदाजी खेळत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याची त्यांची तयारी असे, अशी आठवण सांगितली जाते. पुढे हेच ग्रेग युरोपियन संघातून हिंदूंविरुद्ध उतरले आणि सरावात घडवलेल्या गोलंदाजाचा त्यांना सामन्यात मुकाबला करावा लागला.

पूना क्लबमध्ये बाळूंनी हजारो चेंडू टाकले. मात्र त्यांना फलंदाजी करायला मिळाली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम आणि फलंदाजी ही साहेबाची मौज, अशी तेव्हाची वाटणी होती. नेट्समध्ये चेंडू टाकणारा नोकर आणि संघातला खेळाडू यांतील अंतर तेथे मिटले नाही.

हिंदू संघात त्यांना घेण्यावरून वाद का झाला?

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज शहरातच होता, पण तो चर्मकार होता. संघातील काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, तर काहींचे म्हणणे होते की चेंडूला जात नसते. ग्रेग यांनीही बाळूंसारखा गोलंदाज बाहेर ठेवणे हा वेडेपणा ठरेल, अशा आशयाचे मत व्यक्त केल्याचे सांगितले जाते. जिंकण्याची इच्छा अखेर वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

पण प्रवेश अर्धाच होता. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरत असे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे, दूर बसून. पाणी हवे असेल तर अस्पृश्य नोकराकडूनच घ्यायचे. त्यांनी बळी मिळवले की टाळ्या सर्वांच्या असत, पण पंगत वेगळी.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदू संघाने मोठे विजय मिळवले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावरील विजय त्यांतला सर्वांत गाजलेला. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर सन्मान केला. लोकमान्य टिळकांनीही एका समारंभात त्यांचा गौरव केल्याची नोंद आहे. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परविरोधी बाजूंना उभे राहिलेल्या या दोन नेत्यांनी एकाच अस्पृश्य खेळाडूचा गौरव करावा, हे त्या काळात लहान नव्हते.

मुंबईत आल्यावर काय बदलले?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी त्याने पुण्याला गाठले. त्या उलथापालथीत पालवणकर कुटुंब मुंबईला आले. १८९४ मध्ये स्थापन झालेला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना तेव्हा नवा होता. तेथेही बाळूंना घ्यावे की नाही यावर चर्चा झाली. काही सभासदांच्या विरोधानंतरही त्यांना खेळायला मिळाले. पुढे त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरीत, नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

मुंबईचे क्रिकेट तेव्हा धर्मानुसार विभागलेले होते. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात दरवर्षी सामना होत असे. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी, तर १९३७ मध्ये इतरांचा संघ आल्यावर पंचरंगी झाली. १९४६ नंतर ती बंद पडली. आजच्या आयपीएलची गर्दी जशी शहराच्या नावाने संघामागे उभी राहते, तशी तेव्हाची गर्दी समाजाच्या नावाने उभी राहत असे. मैदानाभोवती तंबू पडत, झाडांवर माणसे चढत, कचेऱ्या ओस पडत. म्हणूनच हिंदू संघात कोण आणि त्याचा कर्णधार कोण, हा प्रश्न क्रिकेटपुरता उरत नव्हता.

१९०६ चा सामना का महत्त्वाचा?

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ मुंबईत युरोपियनांविरुद्ध उतरला. केशवसुतांच्या निधनाला तेव्हा तीनच महिने झाले होते. बंगालच्या फाळणीनंतर देशात स्वदेशीची चळवळ पेटलेली होती. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ आणि १०२ धावांत गुंडाळले आणि सामना १०९ धावांनी जिंकला. या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ होते. युरोपियनांचे डाव मोडण्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी साप्ताहिकाने या विजयाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पुण्यात वेगळा चहा पिणारे हे भाऊ मुंबईत संघाबरोबर वावरतात, हा प्रवास देशासाठी विजयापेक्षाही महत्त्वाचा आहे, असा त्याचा सूर होता. एका अर्थाने ते खरेही होते. मात्र संघात जागा मिळणे आणि संघाचे नेतृत्व मिळणे यांतील अंतर अजून बाकी होते.

इंग्लंड दौऱ्यात त्यांनी काय केले?

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग कर्णधार होते. संघात पारशी, हिंदू आणि मुस्लिम खेळाडू होते. संघ कच्चा, दौरा लांब, हवामान अनोळखी. २३ सामन्यांपैकी भारताने ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. त्या पडझडीत बाळू ठामपणे उभे राहिले. पस्तिशीत, दुखऱ्या खांद्याने त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. सरासरी १९ धावांहून कमी होती. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी ही त्यांच्या कारकीर्दीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लेस्टरशायरवरील विजयात त्यांनी सामन्यात ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध भारताने एका गड्याने निसटता विजय मिळवला, त्यात शिवराम यांचे नाबाद शतक होते.

त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतांश अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. भारतीय फुटबॉलप्रेमी ती तारीख आजही साजरी करतात. बाळूंच्या ११४ बळींना तशी तारीख मिळाली नाही.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचे जंगी स्वागत केले. तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता आणि त्यांच्या गौरव समारंभांत आंबेडकरांचा पुढाकार असे. शाळेत वेगळे बसवलेल्या, पाण्यासाठी शिपायाची वाट पाहिलेल्या त्या पिढीला आपल्यातला एक माणूस इंग्लंडमध्ये इंग्रजांना बाद करतो, यातून मिळालेला धीर समजण्यासारखा आहे.

मग ते कर्णधार का झाले नाहीत?

इंग्लंडहून परतल्यावर बाळू हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. १९१० नंतर दरवर्षी स्पर्धा जवळ आली की त्यांच्या नावाची मागणी होई. वृत्तपत्रांत पत्रे येत, चाहते नाराजी व्यक्त करत. निवड समिती मात्र दरवर्षी उच्चवर्णीय खेळाडूचीच निवड करी. संघ बदलत होता, कर्णधारही बदलत होते, मात्र बाळूंचे नाव कधी वर येत नव्हते.

समितीने जातीचे कारण उघड दिले नाही. गोलंदाजाने कर्णधार असू नये, नेतृत्वाला शिक्षण आणि इंग्रजी हवे, पाहुण्यांच्या मेजवानीत बसणारा माणूस हवा, असे युक्तिवाद त्या काळी सहज चालत. त्यांतल्या प्रत्येक अटीमागे जातच उभी होती. शिक्षण मिळाले नाही ते जातीमुळे, आणि एकत्र पंगतीत जागा नव्हती तीही जातीमुळेच.

१९१३ मध्ये एम. डी. पै यांना कर्णधार नेमण्यात आले. त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात पै यांनी स्वतःच जाहीर सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. मान मिळालेला माणूस ज्याला मान मिळाला नाही त्याच्या बाजूने बोलतो, याहून स्पष्ट साक्ष कुठली? तरीही निवड समितीचा विचार बदलला नाही.

१९२० मध्ये नेमके काय घडले?

डिसेंबर १९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा संघर्ष उघड्यावर आला. बाळूंना संघातून वगळण्यात आले. ते तेव्हा ४४ वर्षांचे होते. एखादा निवडकर्ता वयाचे कारण देऊ शकला असता आणि चाहत्यांना ते पटलेही असते. पण पुढे जे झाले त्याला तेही कारण पुरले नाही. कर्णधार पै आजारी पडले आणि मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी नवा कर्णधार निवडायची वेळ आली. संघात शिवराम आणि विठ्ठल हे दोन ज्येष्ठ पालवणकर होते. निवड झाली ती त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या दि. ब. देवधर यांची.

देवधर पुण्याचे, संस्कृतचे अध्यापक आणि गुणी फलंदाज होते. पुढे त्यांच्या नावाने स्पर्धा सुरू झाली, इतके मोठे त्यांचे कर्तृत्व. प्रश्न त्यांच्या गुणांचा नव्हता. ज्येष्ठता, अनुभव आणि धावा हे समितीचेच निकष होते. त्या निकषांवर पुढे असलेली दोन नावे पुन्हा बाजूला कशी पडली, हा प्रश्न होता.

या वेळी शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितले की आपली सेवा डावलली गेली ती जातीमुळे, आणि असा अपमान सोसून खेळणे स्वाभिमानाला धरून नाही. क्रिकेटच्या मैदानावरचा तो असहकारच होता. योगायोग असा की त्याच महिन्यात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे असहकाराचा ठराव संमत झाला आणि अस्पृश्यता निवारणाचे आवाहनही झाले.

मुंबईत चाहत्यांनी भावांची बाजू घेतली. जिमखान्यावर दबाव वाढला. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले, शिवराम आणि विठ्ठल संघात आले आणि बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. सामन्यादरम्यान पै मधूनमधून मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंकडे आली. मित्राने आपल्या परीने केलेली ती भरपाई होती. कर्णधारपदाचा इतकाच अनुभव बाळूंच्या वाट्याला आला. त्या मोसमानंतर त्यांची मोठ्या सामन्यांतील कारकीर्द संपली.

त्या लढ्याचे फळ कुणाला मिळाले?

धाकटे भाऊ विठ्ठल यांना. १९२३ मध्ये हिंदू संघाने विठ्ठल यांना कर्णधार नेमले. संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि जल्लोष करणाऱ्या चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलले. त्यांत उच्चवर्णीय तरुणही होते. दोन दशकांपूर्वी ज्या कुटुंबातील मुलाला चहा बाहेर मिळत होता, त्याच कुटुंबातील मुलाला आता गर्दी खांद्यावर घेत होती. वृत्तपत्रांनी या विजयाचा संबंध गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणाशी आणि स्वराज्याशी जोडला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीत खेळाडूने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मकथनांत त्याची गणना होते.

निवड समितीचे मन आपोआप पालटले नव्हते. दहा वर्षांची मागणी, पै यांच्यासारख्या सहकाऱ्याची साक्ष, दोन भावांनी घेतलेली माघार आणि चाहत्यांचा राग, हे सारे एकत्र आल्यावर दार उघडले.

क्रिकेटनंतर बाळूंनी काय केले?

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले आणि तेथे त्यांची गाठ आंबेडकरांशी पडली, ती मात्र विरोधक म्हणून. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असे आंबेडकरांचे म्हणणे होते. बाळू मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्यासह संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींच्या उपोषणाच्या काळात झालेल्या वाटाघाटींत तेही होते आणि पुणे करारावर त्यांची सही आहे.

१९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. तरुणपणी ज्याचा अभिमान बाळगला त्याच माणसाला आंबेडकरांनी दोन हजारांच्या फरकाने हरवले.

हा विरोध दोघांच्या अनुभवांतून समजून घेता येतो. बाळू आयुष्यभर संमिश्र संघात खेळले. अपमान सोसून, चिकाटीने, आतूनच जागा मिळवता येते, असे त्यांच्या आयुष्याने त्यांना दाखवले होते. आंबेडकरांना त्याच आयुष्यात दुसरी गोष्ट दिसत असावी : निवड करणारे दुसरेच असतील, तर सर्वांत लायक माणसालाही शेवटपर्यंत थांबावे लागते. दोघांच्याही बाजूने बोलणारा पुरावा हिंदू जिमखान्याच्या त्याच धावफलकांत होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा, त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी आणि १५.२१ ची सरासरी हा त्यांचा हिशेब. त्यांचा पहिला प्रथम श्रेणी सामना वयाच्या विशीत नव्हे, तर तिशीच्या उंबरठ्यावर झाला, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे वजन कळते.

आजच्या चाहत्याने यातून काय घ्यावे?

निवडीवरचे वाद पुढेही थांबले नाहीत. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाच कसोटींत भारताने पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि हेमू अधिकारी असे चार कर्णधार वापरले आणि चाहते चक्रावून गेले. तो गोंधळ होता. १९१० ते १९२० या काळात मात्र गोंधळ नव्हता. दरवर्षी होणाऱ्या बदलांत एक नियम ठामपणे पाळला जात होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

म्हणून अकरा जणांची यादी पाहून चिडणाऱ्या चाहत्याचा प्रश्न क्षुल्लक नाही. संघात बदल का केला, हे विचारण्याचा हक्क चाहत्याला आहे. उत्तर खेळात सापडले तर वाद तिथेच संपतो. ते खेळात सापडत नसेल तर ते मैदानाबाहेर शोधावे लागते. १९२० मध्ये मुंबईच्या चाहत्यांनी ते शोधले, म्हणून तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले.

मालगुंडच्या कवीच्या कवितेतला मुलगा आईला विचारून गप्प बसतो, कारण तिच्याकडे उत्तर नसते. शिवराम आणि विठ्ठल यांनी तोच प्रश्न निवड समितीला विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत मैदानात उतरायचे नाकारले. त्यांच्या थोरल्या भावाला मात्र उत्तर मिळाले तेव्हा त्याची खेळी संपत आली होती.